नाकारलेल्यांचे विद्यापीठ

शाळेतील विषयविभागांची आणि शिक्षकांची यादी सहसा कोणी वाचनासाठी हाती घेत नाही. लॅटिन, गणित, इंग्रजी, जर्मन, इतिहास. प्रत्येकापुढे चार-दोन नावे, नावांपुढे पदव्या. मला मात्र अशा याद्यांपाशी थांबावेसे वाटते, कारण संस्था स्वतःविषयी जे सांगायचे टाळते ते तिची यादी नकळत सांगून जाते. वॉशिंग्टनमधील डनबर हायस्कूल ही शाळा केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी होती, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे जे अध्ययन चालत होते त्यामागे दोन-तीन पिढ्यांच्या अशा शिक्षकांची परंपरा उभी होती की, ती यादी एखाद्या विद्यापीठाची वाटावी. हार्वर्डची इतिहासातील डॉक्टरेट १९१२ मध्ये मिळवणारे कार्टर वुडसन तिथे शाळकरी मुलांना शिकवत. डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या तीन कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांना ती पदवी एकाच वर्षी, १९२१ मध्ये मिळाली, आणि त्या तिघीही या शाळेच्या विद्यार्थिनी किंवा शिक्षिका होत्या. जर्मन साहित्यातील पंडिता जॉर्जियाना सिम्पसन आणि इंग्रजीच्या ईव्हा डाइक्स ही पदवी घेऊन पुन्हा डनबरच्याच वर्गात शिकवत राहिल्या.

परतल्या, कारण जायला दुसरी जागा फारशी नव्हती. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या हॉवर्डसारख्या मोजक्या संस्था सोडल्या, तर अमेरिकेतील विद्यापीठांची प्राध्यापकपदे कृष्णवर्णीय विद्वानांना बंद होती. पदवी देणारे विद्यापीठ तीच पदवी पाहून नोकरी देत नसे. वॉशिंग्टनमध्ये मात्र एक अपवादात्मक गोष्ट होती: शाळा वर्णानुसार विभागलेल्या असूनही शिक्षकांचे वेतन समान होते. बंद दारांनी अडवलेली विद्वत्ता त्या एका फटीतून वाहत येऊन शाळेच्या वर्गांत साठत गेली. ज्यांनी संशोधकांच्या पिढ्या घडवायच्या, ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना क्रियापदे चालवायला आणि समीकरणे सोडवायला शिकवत होते. मुलांच्या पदरी पडलेले हे भाग्य मोजताना शिक्षकांच्या न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची मोजदाद कोणी करायची, हा प्रश्न मला त्या यादीपासून उठू देत नाही.

लॅटिनच्या विभागापाशी मन अधिक रेंगाळते. ॲना ज्युलिया कूपर यांचा जन्म १८५८ साली नॉर्थ कॅरोलायनात गुलाम आईच्या पोटी झाला. हीच शाळा आधी एम स्ट्रीट हायस्कूल या नावाने ओळखली जात होती, तेव्हा १९०२ ते १९०६ त्या तिच्या मुख्याध्यापिका होत्या. कृष्णवर्णीय मुलांनी सुतारकाम, शिवणकाम, शेती शिकावी, अभिजात भाषांची त्यांना गरज काय, असे त्या काळी सद्भावनेने आणि दुर्भावनेनेही बोलले जात असे. कूपर यांनी ते मानले नाही. मुले हार्वर्डपर्यंत पोहोचतील असाच अभ्यासक्रम राखला, पुढे वादंगात पद गमावले, आणि १९१० मध्ये लॅटिन शिकवायला त्याच शाळेत परत आल्या. नात्यातील पाच पोरकी मुले वाढवत, शाळेचे तास सांभाळत त्यांनी पॅरिसच्या सॉर्बोनमधून १९२५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. विषय होता क्रांतिकाळातील फ्रान्सची गुलामगिरीविषयीची भूमिका. मराठी वाचकाला इथे फुल्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत दास्यमुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. आणि वॉशिंग्टनच्या एका चर्चच्या तळघरात ही शाळा सुरू झाली होती १८७० मध्ये, त्या मुक्तीची पहिली पावले पडत असताना. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य अक्षराशिवाय अपुरे राहते हे दोन्हीकडे एकाच दशकात उमगले होते. मृत भाषेच्या व्याकरणात गुलामाच्या लेकीला काय सापडले असेल? मला वाटते, ज्या ज्ञानाचा तत्काळ उपयोग सांगता येत नाही ते ज्ञान मागण्याचा हक्क. उपयोगापुरते शिकवणे म्हणजे माणसाची सीमा आधीच आखून ठेवणे असते, आणि कूपर यांचे भांडण त्या आखलेल्या सीमेशी होते.

गणिताच्या विभागाचे प्रमुखपद भूषवलेल्या युफेमिया लॉफ्टन हेन्स यांच्याकडे मी वळतो तो शतकाच्या मध्याशी येऊन. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. १९४३ मध्ये कॅथलिक युनिव्हर्सिटीने त्यांना डॉक्टरेट दिली. गणितातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. त्यांच्या प्रबंधात सममित संगतींचे काही विशेष प्रकार कोणत्या परस्परस्वतंत्र अटींनी निश्चित होतात याचा शोध आहे. ते गणित माझ्या आवाक्यातले नाही, परंतु त्या प्रबंधातील प्रश्न माझ्या मनात वेगळ्याच ठिकाणी रुजला आहे. एखादी गोष्ट घडायला कोणत्या अटी खरोखर आवश्यक असतात, आणि कोणत्या नुसत्या सोबत आलेल्या असतात? डनबरच्या उत्कर्षाला अपमान आवश्यक होता का? समान वेतन, कठोर अभ्यासक्रम, मुलांकडून निःशंकपणे बाळगलेली अपेक्षा, एवढ्या अटी पुरेशा होत्या असे मला म्हणायचे आहे. पण विद्वानांना त्या वर्गात आणून उभे करणारी शक्ती अन्यायाचीच होती, हे नाकारता येत नाही. जुलमातून तेज निपजते असे म्हणून समाधान मानणाऱ्यांची मला भीती वाटते. त्या समाधानात जुलूम करणाऱ्याला अकारण श्रेय मिळते, आणि तेजाची किंमत कोणी चुकवली ते झाकले जाते.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्याबरोबरच राजधानीच्या शाळांविषयीच्या बोलिंग विरुद्ध शार्प खटल्याचाही निकाल देऊन वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. कूपर तेव्हा पंचाण्णव वर्षांच्या होत्या. तो निकाल ज्या लढ्याचे फळ होता त्याचा पाया घालणारे विधिज्ञ चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन एम स्ट्रीटचेच विद्यार्थी होते. म्हणजे शाळेने आपल्याच वेगळेपणाचा अंत करणारी माणसे घडवली होती. पुढे शहरभरातून मुले येणे थांबले, डनबर आसपासच्या वस्तीची शाळा झाली, विद्वानांना अन्यत्र दारे उघडू लागली, आणि ती विलक्षण यादी काही वर्षांत विरळ होत गेली. ज्या न्यायाची वाट पाहिली त्या न्यायानेच हे घडवले, म्हणून विलाप करायला जीभ धजत नाही, आणि तरी हळहळ सरत नाही.

भिंती पडल्या तरी वर्गवारीची हौस उरते. १९५६ पासून राजधानीच्या हायस्कूलांत मुलांची चार स्तरांत विभागणी सुरू झाली, आणि तळाच्या स्तरात प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीय मुले जाऊन बसली. हेन्स १९५९ मध्ये निवृत्त झाल्या होत्या. पुढे शहराच्या शिक्षण मंडळावर बसून त्यांनी या पद्धतीला उघड विरोध केला आणि १९६६ मध्ये त्या मंडळाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९६७ मध्ये हॉब्सन विरुद्ध हॅन्सन खटल्यात न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. गुणवंत मुलांच्या शाळेत शिकलेल्या आणि शिकवलेल्या या बाईंना चाळणीच्या खाली पडणारी मुले दिसली, हे मला त्यांच्या पदवीइतकेच महत्त्वाचे वाटते. डनबरमध्येही एक अदृश्य चाळणी होती, घराण्याची आणि प्रतिष्ठेची. आपल्याला वर चढवणाऱ्या शिडीकडे अशा परीक्षक नजरेने पाहणे सोपे नसते.

१९१६ सालची जुनी इमारत १९७७ मध्ये पाडली गेली. ती राखावी म्हणून माजी विद्यार्थी झटले. मोजक्यांच्या श्रेष्ठत्वाची खूण म्हणून ती नकोशी झालेली माणसेही होती. मी राखू पाहणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्या वर्गांत कूपर आणि हेन्स यांनी जी अपेक्षा मुलांपुढे ठेवली, ती वस्तीतल्या साऱ्या मुलांपुढे ठेवण्यासाठी त्याच खोल्या उपयोगी पडल्या असत्या, असे मला अजून वाटते.