सामना संपल्यावर

एम. ए. ला मी तत्त्वज्ञान घेतले होते. कर्तव्य मोठे की सुख, व्यक्ती आधी की समाज, अशा प्रश्नांवर आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर कितीतरी रात्री जागवल्या. पुढे हायस्कुलात शिरलो, यथावकाश मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो, तेव्हा ध्यानात आले की हे प्रश्न एवढ्या भारदस्त वेषात माणसाच्या भेटीला येतच नाहीत. ते घंटेच्या, फाटकाच्या, मधल्या सुट्टीच्या रूपाने येतात. मुलांना अडवावे की सोडावे, एवढेच विचारतात आणि उत्तराला अर्धा मिनिटही देत नाहीत.

असाच एक प्रश्न २०२५ च्या मे महिन्यात मला आयर्लंडमध्ये भेटला. सामना संपल्यावर प्रेक्षकांनी मैदानात उतरावे की उतरू नये? वरवर पाहिले तर हा बंदोबस्ताचा प्रश्न आहे. पण तिकडची माणसे त्यावर वर्षानुवर्षे इतक्या पोटतिडकीने भांडत आली आहेत की, त्यात बंदोबस्तापलीकडचे काहीतरी असले पाहिजे, हे मला तिथे बसल्या बसल्या जाणवले.

माझी मुलगी आणि जावई द्रोहेडा या गावी असतात. हे गाव लाउथ काउंटीत येते. काउंटी म्हणजे आपल्याकडला जिल्हा म्हणा. लाउथ हा आयर्लंडमधला आकाराने सर्वांत लहान जिल्हा, आणि तोही सीमेवरचा. त्याच्या उत्तरेला लागून ब्रिटनच्या अमलाखालचा उत्तर आयर्लंड सुरू होतो. सीमाभागातल्या माणसाला असल्या जिल्ह्याबद्दल आपोआप जवळीक वाटते, हे मी आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. शाळेचे निकाल लावून सुट्टीत मी तिकडे गेलो, तर सगळ्या गावाला एकच ध्यास लागलेला. ११ मे रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर लाउथ आणि शेजारचा मीथ यांच्यात गेलिक फुटबॉलचा लेन्स्टर प्रांताचा अंतिम सामना होता. लाउथने हे विजेतेपद यापूर्वी मिळवले होते ते १९५७ साली.

हा खेळ समजल्याशिवाय प्रश्न समजणार नाही. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू पायाने मारतात आणि हातानेही खेळतात. गोल झाला तर तीन गुण, चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर त्याहून कमी. त्याचा भाऊ म्हणजे हर्लिंग, लाकडी काठीने खेळायचा. या देशी खेळांची संघटना १८८४ साली थर्ल्स या गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. तिचे वैशिष्ट्य असे की खेळाडूंना पगार नाही. क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांवर माणसे मावतात, पण ज्यांना पाहायला ती जमतात ते सोमवारी सकाळी आपापल्या कामावर जातात. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी सुतार. खेळाडू सहसा आपल्याच काउंटीकडून खेळतो. त्यामुळे मैदानावरचा मुलगा हा कुणाचा तरी वर्गमित्र असतो, कुणाचा शेजारी असतो. अखिल आयर्लंडचा चषक हाती आला की कर्णधार भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत करतो. बहुतेकांचे रोजचे बोलणे इंग्रजीत, पण ती पहिली दोन वाक्ये चुकत नाहीत.

आता असा संघ जिंकल्यावर लोकांनी जागेवर बसून टाळ्या वाजवाव्यात, हे कसे जमावे? शिट्टी वाजली की कठडे ओलांडून हजारो माणसे हिरवळीवर धावत. खेळाडूला मिठी मारत, खांद्यावर घेत, मुले त्याच मैदानावर चेंडू मारून पाहत. आमचा पंढरीचा विठोबा मुखदर्शनालाही आहे आणि पदस्पर्शालाही आहे. लांबून पाहिल्याने पुण्य उणे होते असे नाही, तरी वारकरी तासन्‌तास बारीत उभा राहतो तो पायांवर डोके टेकायलाच. हे ज्याला कळते, त्याला आयर्लंडच्या माणसाची ओढही कळेल.

परंतु संघटनेच्या अधिकाऱ्यांना झोप येत नव्हती. अरुंद फाटकांतून एकाच वेळी हजारो माणसे घुसली आणि एखादे म्हातारे माणूस पडले, तर? म्हणून बेत ठरत. पहिला बेत स्वयंसेवकांची साखळी करून लोकांना रोखण्याचा. तो फसला तर दुसरा, म्हणजे ‘प्लॅन बी’. लोकांना सुखरूप आत येऊ द्यायचे. ध्वनिक्षेपकावरून या दुसऱ्या बेताची घोषणा इतक्यांदा झाली की तो एक राष्ट्रीय विनोद होऊन बसला. पहिला बेत जमणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचे.

विनोद संपला तो ११ जुलै २०१० रोजी. तेव्हाही लाउथ आणि मीथच होते, मैदानही हेच. जादा वेळात लाउथ एका गुणाने पुढे होता. शेवटच्या क्षणी मीथच्या खेळाडूने चेंडू हातात धरून रेषेपलीकडे नेला आणि पंचांनी गोल दिला. तो गोल नियमबाह्य होता, हे पुढे पंचांनीही मान्य केले. पण निकाल तोच राहिला. मीथ १५, लाउथ १३, आणि सामना पुन्हा खेळवला गेला नाही. शिट्टी वाजताच लाउथचे चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांतल्या काहींनी त्या एकट्या पंचावर हात टाकला. सगळ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याच वर्षी सप्टेंबरातल्या अंतिम सामन्यांच्या वेळी, उभ्याने सामना पाहणाऱ्यांच्या ‘हिल सिक्स्टीन’ या बाजूला पारदर्शक कुंपण उभे राहिले.

पंधरा वर्षांनी मी त्याच मैदानात बसलो होतो. एका बाजूला मुलगी, जावई आणि सात वर्षांचा नातू, दुसऱ्या बाजूला त्यांचे शेजारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर. या वेळी दोन गुणांचा फरक उलटा पडला. लाउथ २३, मीथ २१. शिट्टी वाजली आणि लाल सदऱ्यांचा लोंढा हिरवळीवर उतरू लागला. नातू माझा हात ओढू लागला, ‘‘आजोबा, आपणपण जाऊ या ना!’’

तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचे तेच निघाले. ‘‘नाही. गप्प बस जागेवर.’’

मुलगी हसली. म्हणाली, ‘‘बाबा, शाळेतही तुम्ही आम्हांला असंच अडवायचात.’’

ती सहज बोलली, पण मला लागले. आमच्या शाळेने एकदा तालुक्याचा खो-खोचा अंतिम सामना जिंकला, तेव्हा मी मुलांना मोकळे सोडले होते. फक्कीने आखलेल्या रेषा क्षणात पुसल्या गेल्या. त्या गर्दीत पाचवीतला एक मुलगा खाली सापडला आणि त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. त्याच्या घरी निरोप घेऊन मीच गेलो. वडील एक अक्षर बोलले नाहीत. आईने मात्र विचारले, ‘‘सर, तुम्ही तिथंच होतात ना?’’ या प्रश्नाला एम. ए. च्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी मी मैदानाभोवती दोर बांधला, चार शिक्षक उभे केले. आम्ही पुन्हा जिंकलो. मुले दोराबाहेर उभी राहिली, सांगितल्यावर टाळ्या वाजवल्या आणि रांगेने घरी गेली. कुणालाही खरचटले नाही. पण शाळा जिंकली आहे असे त्या दिवशी वाटलेच नाही. खेळाडू मुले मधोमध उभी राहून इकडेतिकडे पाहत होती, त्यांच्याजवळ जायला कोणी नव्हते.

शेजारचे गृहस्थ जागचे हलले नव्हते. मी विचारले, ‘‘तुम्ही नाही जात?’’ ते म्हणाले, ‘‘गुडघे ऐकत नाहीत. मागच्या वेळी गेलो होतो.’’ मागच्या वेळी म्हणजे २०१० साली. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, ‘‘मी त्या पंचाला हात लावला नाही. पण मी तिथे होतो. आम्ही एवढे होतो म्हणूनच मारणाऱ्यांना धीर आला. तो माणूस त्या दिवशी घरी कसा गेला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.’’

आपण ‘प्रेक्षकांचा आनंद’ म्हणतो तेव्हा ही गोष्ट विसरतो. ज्या वाटेने आनंद आत येतो त्याच वाटेने क्रोधही येतो, आणि फाटकावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला आधी कोणाचे तोंड दिसेल हे सांगता येत नाही. गर्दीतला प्रत्येक जण आपापल्यापुरता निर्दोष असतो. तरी गर्दीच्या तळाशी जो सापडतो, मग तो पंच असो की पाचवीतला मुलगा, त्याची संमती कोणी विचारलेली नसते. तेव्हा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आनंदाचा शत्रू म्हणणे अन्यायाचे आहे. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर अखेर त्यालाच द्यायचे असते.

मग कुंपण घालावे, हे ओघाने आले. पण कुंपणाचा हिशेबही सरळ नाही. ११ मे १९८५ रोजी, म्हणजे आमच्या सामन्याच्या बरोबर चाळीस वर्षे आधी, इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर लाकडी गॅलरीला आग लागून ५६ माणसे दगावली. मागची दारे बंद होती. जे वाचले त्यांतले पुष्कळसे पुढचा बुटका कठडा ओलांडून मैदानात उतरल्यामुळे वाचले. तिथे कुंपण असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. ती करायची गरजही पडली नाही, कारण चारच वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लोखंडी कुंपणाशी माणसे चिरडली गेली. त्या दुर्घटनेचे बळी ९७. प्रेक्षकांना मैदानापासून दूर ठेवण्यासाठी जे उभारले होते त्याच्याशीच ती दाबली गेली. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीचा अहवाल आला, इंग्लंडमधली कुंपणे उतरली, आणि १९९१ च्या कायद्याने विनापरवाना मैदानात उतरणे हा गुन्हा ठरला. लोखंडाची जागा कायद्याने घेतली.

क्रोक पार्कला तर स्वतःची आठवण आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सामना चालू असताना ब्रिटिशांच्या सशस्त्र दलांनी तिथे गोळीबार केला. गोळ्यांनी आणि चेंगराचेंगरीने चौदा जण गेले. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. आज जिथे विजेता कर्णधार चषक उंचावतो ती गॅलरी त्याच्या नावाची आहे. अशा जागेवर ‘हे मैदान आमचे आहे’ असे लोक म्हणतात, तेव्हा ते तिकिटाच्या जोरावर म्हणत नाहीत.

मला वाटते, खरी गाठ इथे आहे. लोकांना राग येतो तो थांबण्याचा नाही, परके ठरवले जाण्याचा. ‘उतरायचे नाही’ या शब्दांत दोन अर्थ असतात. एक, इथे धोका आहे. दुसरा, हे तुमचे नाही. अधिकाऱ्याच्या मनात पहिला असतो, लोकांच्या कानावर दुसरा पडतो. घरात लग्नाच्या पंगतीच्या वेळी आपण मुलांना सांगतो, ‘आधी पाहुणे बसू देत, मग तुम्ही.’ मूल कुरकुरते, पण थांबते, कारण घर आपले आहे आणि पुढली पंगत आपली आहे याची त्याला खात्री असते. ती खात्री नसेल तर तेच मूल स्वयंपाकघरात घुसते. क्रोक पार्कमध्येही पंचांना आणि हरलेल्या संघाला आत जाऊ द्यावे, चषक द्यावा, पुढच्या रांगांतली म्हातारी माणसे बाहेर पडावीत, आणि मग ठरल्या वेळी फाटके उघडावीत. अट एकच. ‘मग’ म्हटले की ते ‘मग’ खरेच यायला हवे. वेळ दिली आणि पाळली नाही, तर पुढच्या खेपेला कोणी थांबणार नाही, आणि त्याचा दोष थांबवणाऱ्याकडे जाईल. हे कुंपण उभारण्यापेक्षा अवघड आहे, कारण कुंपणाला एकदाच पैसे लागतात आणि शब्द दर वेळी पाळावा लागतो.

त्या दिवशी मी नातवाला म्हटले, ‘‘पंधरा मिनिटं थांबू. मग जाऊ.’’ त्याने घड्याळाकडे बोट दाखवून मला वेळ कबूल करायला लावली. पंधरा मिनिटे तो खरेच बसला. शेजाऱ्यांनी सोळावे मिनिट लागताच मला कोपराने ढोसले. गर्दी विरळ झाली होती. आम्ही पायऱ्या उतरून खाली गेलो. नातू हिरवळीवर इकडून तिकडे पळाला, गुडघ्यावर पडला, उठला, परत पळाला. वरती त्या गृहस्थांनी टोपी हलवली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी क्रीडाशिक्षकांना बोलावून सांगितले की यंदा दोर बांधायचा, पण तो सोडायची वेळ आधी फळ्यावर लिहायची. ते म्हणाले, ‘‘सर, मुलं थांबतील का?’’

मी म्हटले, ‘‘आपण सोडू का, ते आधी बघू या.’’