उंबऱ्याबाहेरची माती

पंचवीस वर्षं मी पुण्यातल्या एका कॉलेजचा जिमखाना सांभाळते आहे. व्यायाम का करता, असं मुलांना विचारलं की वजन, पोलीस भरतीचे सोळाशे मीटर, लग्न अशी उत्तरं येतात. का करत नाही, याला मात्र ‘वेळ नाही’ एवढंच.

गेल्या वर्षी एक इराणी विद्यार्थी यायला लागला. भिंतीशी उभे केलेले मुद्गल पाहून त्याचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे याला मील म्हणतात. फिरवण्याआधी तो वाकला, बोटं जमिनीला टेकवून ओठांना लावली. त्यांचा झूरखाना म्हणजे बळाचं घर. दार मुद्दाम ठेंगणं, वाकूनच आत शिरायचं. तिथला गुरू, म्हणजे मोर्शेद, ढोलावर ठेका धरून काव्य गातो, हजरत अलींचं नाव घेतो. २०१० साली युनेस्कोने या परंपरेची नोंद केली. मला आजोबांची कोल्हापुरातली तालीम आठवली. हळद, ताक, तेल घालून मळलेली हौद्यातली माती, ती कपाळाला लावणारे पैलवान, कोनाड्यातला मारुती.

त्या मातीला माझा हात कधी लागला नाही. मारुती ब्रह्मचारी, पोरींनी उंबऱ्याबाहेर थांबायचं. देवाने असं कधी सांगितलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

मालेगावची एक मुलगी वर्षभर मैदानाच्या कडेला नुसती बसून असायची. बुरखा पाहून सगळ्यांनी ठरवलं, धर्म आड येतो. मीसुद्धा. एकदा तीच म्हणाली, “मॅडम, शरीर अल्लाहची अमानत आहे, ते सांभाळायलाच पाहिजे. पण कट्ट्यावर पोरं बसलेली असतात ना.” शरीराचाही माणसावर हक्क असतो, ही हदीसमधली शिकवण तिला लहानपणापासून ठाऊक होती. डोक्यावरच्या रुमालाला बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनेच २०१७पर्यंत मनाई ठेवली होती, हेही तिला माहीत होतं.

सकाळी सहा ते सात मैदान फक्त मुलींचं केलं, कट्टा रिकामा करवला. तिसऱ्या दिवशी ती धावली. तिच्या मागोमाग इम्फाळची एक आली आणि साताऱ्याची एक, जिच्याबद्दल ‘धर्म आड येतो’ असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. तीही त्याच कट्ट्यामुळे थांबली होती.

देह देवाचा, असं आमच्या घरी म्हणत आणि तिच्या घरीही म्हणतात. मग त्याला दारात अडवायचा अधिकार माणसाला कुणी दिला? मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

परवा पाऊस पडून गेल्यावर मी बूट काढले आणि मुलींमागून एक फेरी मारली. घोट्यापर्यंत माती लागली.