सहीची किंमत

जून १९९०. ओझोनच्या थराचं रक्षण कसं करायचं हे ठरवायला लंडनमध्ये जमलेल्या देशांना एकच घोर लागला होता: भारत आणि चीन अजून बाहेर होते. तीन वर्षांपूर्वी माँट्रियलला झालेल्या करारावर दोघांनीही सही केलेली नव्हती. या दोन देशांतल्या बहुतेक घरांत फ्रिज यायचा होता. तो ओझोन खाणाऱ्या सीएफसी वायूवर चालणाराच आला, तर श्रीमंत देशांनी केलेल्या कपातीवर पाणी पडणार होतं. भारताच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी तिथे जी बाजू मांडत होत्या ती साधी होती. थर विरळ झाला तो श्रीमंतांच्या वापराने. पर्यायी रसायनंही त्यांच्याच कंपन्यांच्या ताब्यात. मग बदलाचा खर्च गरिबांनी का सोसायचा?

उत्तर रोख मिळालं. तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा निधी ठरला आणि भारत व चीन आत आले तर तो २४ कोटींवर जाईल, असंही ठरलं. म्हणजे दोन सह्यांची किंमत जाहीरपणे लावली गेली. चीन १९९१मध्ये आणि भारत १९९२मध्ये करारात सामील झाला. याला कुणी सौदेबाजी म्हणेल. म्हणावंच, आंतरराष्ट्रीय करार सौद्यावरच उभे राहतात, आणि ते कबूल केलं की कोणता करार चालतो व कोणता नुसताच टाळ्या घेतो हे समजू लागतं.

माँट्रियलच्या मसुद्यात आत येण्याचं आमिष होतं तशी बाहेर राहण्याची शिक्षाही होती. करारात नसलेल्या देशांशी या वायूंचा व्यापार करायला सदस्यांना मनाई होती. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती. लंडनमध्ये त्यात आणखी एक महत्त्वाची ओळ आली: या देशांना आपली बंधनं पाळणं कितपत जमेल, हे पैसा आणि तंत्रज्ञान प्रत्यक्षात किती पोचतं यावर अवलंबून राहील. मदत आली नाही तर तसं कळवण्याची मुभाही मिळाली. निधीच्या कार्यकारी समितीत सात जागा श्रीमंत देशांना, सात विकसनशील देशांना. मतदान झालंच तर दोन्ही गटांत बहुमत हवं. ज्याचं भांडवल जास्त त्याचं मत जड, ही जागतिक बँकेची रीत इथे चालली नाही. पैशापेक्षा ही तरतूद मोठी होती, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

हवामानबदलाच्या करारांनाही हाच साचा वापरावा म्हटलं, तर एक आक्षेप रास्त आहे. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्याय दृष्टिपथात होते आणि ड्यूपाँटसारख्या बड्या उत्पादकाने १९८८मध्येच माघार जाहीर केली होती. कार्बन मात्र चुलीपासून पोलादाच्या भट्टीपर्यंत सगळीकडे आहे. माँट्रियलचा साचा हवामानबदलाला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे खरंच. पण फरक निव्वळ रसायनाचा नाही. निर्णय कसा घ्यायचा, याचाही आहे. हवामान परिषदेच्या नियमावलीतला मतदानाचा नियम आजतागायत मंजूर झालेला नाही. तेव्हा सगळं सहमतीवर चालतं, आणि सहमती झाली की नाही हे ठरवतो अध्यक्षांचा हातोडा. २०१०मध्ये कानकूनला बोलिव्हिया उघड विरोध करत असताना तो पडला. २०२४मध्ये बाकूत विकसनशील देशांसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलरच्या मदतीचं उद्दिष्ट मंजूर झालं, तेही भारताला बोलू न देता. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना आपला आक्षेप नंतर नोंदवावा लागला. विकसनशील देशांची मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती.

परिषदेतल्या सहीला घरी मान्यता मिळवणं, हा निराळाच खेळ. क्योटोचा करार डिसेंबर १९९७चा. पण विकसनशील देशांवर बंधनं न घालणारा असा करार नको, हा ठराव अमेरिकी सिनेटने जुलैमध्येच ९५ विरुद्ध शून्य मतांनी करून ठेवला होता. क्लिंटन यांनी करार सिनेटपुढे नेलाच नाही. पॅरिसमध्ये २०१५ साली शेवटच्या तासांत अमेरिकेला आढळलं, की श्रीमंतांच्या कपातीबद्दलच्या वाक्यात सक्तीचं क्रियापद आलं आहे. ते राहिलं असतं तर प्रकरण सिनेटकडे जाण्याची भीती होती. मग सचिवालयाने ‘तांत्रिक दुरुस्त्या’ वाचून दाखवल्या, त्यात ते क्रियापद सौम्य झालं, आणि करार झाला. एवढं सांभाळून केलेल्या करारातूनही अमेरिका पुढे बाहेर पडली, परत आली आणि पुन्हा बाहेर पडली.

आपल्याकडे हा अडथळा नाही. करारावर शिक्कामोर्तब मंत्रिमंडळ करतं; संसदेची पूर्वसंमती लागत नाही. अंमलबजावणीसाठी कायदा करायचा झाला तरच अनुच्छेद २५३खाली संसदेचा अधिकार येतो. म्हणून दिल्लीचा शब्द सहसा फिरत नाही, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू माँट्रियल करारातल्या किगालीच्या दुरुस्तीत दिसते. एसी आणि फ्रिजमधले एचएफसी वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा हा निर्णय भारताने २०२१मध्ये मंत्रिमंडळाच्या मंजुरीने स्वीकारला. २०२४ ते २०२६ या वर्षांच्या वापरावरून पायाभूत पातळी ठरते, २०२८पासून वापर गोठतो आणि २०४७पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. नव्या वायूंमुळे एसीची किंमत किती वाढेल, गल्लीबोळातल्या दुरुस्तीवाल्यांना ज्वलनशील वायू हाताळायला कोण शिकवणार, त्यातला किती भाग माँट्रियलच्या निधीतून येणार, हे प्रश्न २०२८ जवळ आल्यावर लोकसभेत विचारले जातीलच. सहीच्या आधी ते संसदेपुढे ठेवणं सरकारवर बंधनकारक नव्हतं.