आज्ञा आणि साक्ष : माजी सैनिकांच्या शांतताकार्याचे दोन मार्ग

सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतणारा माणूस निवृत्तिवेतनाबरोबर आणखी दोन गोष्टी घेऊन येतो, आणि त्याच्या हातून शांततेचे काही काम घडलेच, तर ते यांपैकी कशाच्या बळावर घडते यावर त्या शांततेचा पोत ठरतो. पहिली गोष्ट म्हणजे शिस्त, अर्थात हुकूम पाळण्याची आणि हुद्दा वाढला की हुकूम सोडण्याची अंगवळणी पडलेली सवय. दुसरी म्हणजे हिंसेचे आतून झालेले ज्ञान, म्हणजे ती करताना आणि सोसताना माणसाचे काय होते याची प्रत्यक्ष माहिती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या ज्या गावांनी पिढ्यानपिढ्या मुलगे फौजेत धाडले, त्या पश्चिम महाराष्ट्राच्या पट्ट्यात हवालदार म्हणून निवृत्त झालेल्यालाही ‘मेजर’ अशी हाक मारली जाते आणि बांधावरच्या भांडणात त्याच्या शब्दाला वजन असते; परंतु हे वजन पहिल्या गोष्टीचे असते, कारण दुसरीबद्दल त्याला सहसा कोणी विचारत नाही.

पहिल्या, म्हणजे शिस्तीच्या मार्गाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे राळेगणसिद्धी. लष्करात वाहनचालक असलेले किसन बाबुराव तथा अण्णा हजारे १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर होते, सोबतचे जवान हवाई हल्ल्यात मारले गेले असता आपण वाचलो ही घटना त्यांनी आपल्या आयुष्याला वळण देणारी म्हणून वारंवार सांगितली आहे, आणि १९७५ साली निवृत्ती घेऊन ते पारनेर तालुक्यातील या गावी परतले. वर्षाकाठी जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, पोटापाण्यासाठी चालणाऱ्या दारूच्या भट्ट्या आणि त्यांच्यामागून येणाऱ्या मारामाऱ्या असे त्या वेळचे चित्र होते. आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार, मग तरुणांचे संघटन, मग विलासराव साळुंखे यांच्या पुरंदरमधील पाणी पंचायतीच्या कामापासून प्रेरणा घेऊन नालाबंडिंग आणि पाझर तलाव, असा क्रम पुढे लागला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री म्हणजे एका अर्थाने गावाला लावलेली पलटणीची शिस्तच होती. विहिरींना पाणी आले, भट्ट्या बंद पडल्या, आणि कर्जात अडकलेल्या दलित कुटुंबांच्या जमिनी गावाने श्रमदानाने कसून ते कर्ज फेडले, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल, कारण पाणी अडवण्यापेक्षा शेजाऱ्याचे कर्ज आपले मानणे कठीण असते.

मात्र याच गावात दारू सोडण्याची शपथ मोडणाऱ्यांना मंदिराजवळच्या खांबाला बांधून फटके देण्यात आले, त्यासाठी लष्करी पट्टाही वापरला गेला, आणि हजारे यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. आई प्रेमापोटी कडू औषध पाजते तसे हे आहे, अशा धाटणीचे समर्थनच त्यांनी केले. ग्रामपंचायतीची निवडणूक कित्येक वर्षे बिनविरोध होत राहिली, याचा अर्थ एकजूट असाही लावता येतो आणि विरोधाला जागा उरली नव्हती असाही. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या व्यवस्थेतील हुकमी वळण आणि दलितांना वरच्या जातींच्या आचाराच्या साच्यात बसवण्याची प्रवृत्ती यांवर नेमके बोट ठेवले आहे. नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली उघड मारहाण थांबल्याच्या अवस्थेला ‘नकारात्मक शांतता’ आणि समाजाच्या रचनेतच मुरलेला अन्याय हटल्याच्या अवस्थेला ‘सकारात्मक शांतता’ म्हटले. त्या भाषेत बोलायचे तर राळेगणने पहिली अवस्था चटकन गाठली, दुसरीच्या दिशेने कर्जफेडीसारख्या प्रसंगी खरोखर पाऊल टाकले, आणि खांबाशी येऊन मागे फिरले. हुकमाने आलेल्या शांततेची अडचण तिच्या फळांत नसून ती एका माणसाच्या दराऱ्यावर उभी असते यात आहे. दरारा वारशाने देता येत नाही.

दुसऱ्या, म्हणजे हिंसेच्या अनुभवाची साक्ष देण्याच्या मार्गावर सैनिकाचा हुद्दा फारसा कामाचा नसतो. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९६७ साली युद्धविरोधी संघटना स्थापन केली आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांच्यापैकी शेकडो जणांनी वॉशिंग्टनला संसदभवनासमोरच्या कुंपणापलीकडे आपली पदके भिरकावली, हे दृश्य प्रसिद्ध आहे. पण अधिक टिकाऊ काम त्याआधीच न्यूयॉर्कमध्ये संघटनेच्या कचेरीत सुरू झाले होते. तिथे १९७० च्या अखेरीपासून सैनिकांच्या मोकळ्या बोलण्याच्या बैठका भरत, रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत बसत, परंतु डॉक्टर आणि रुग्ण असे नाते तिथे चालत नसे. आपण काय पाहिले आणि काय केले, हे सैनिक एकमेकांना सांगत. या कामाचा एक परिणाम म्हणून आघातोत्तर ताणविकार, म्हणजे भयंकर अनुभवानंतर झोप, स्मृती आणि संताप यांवरचा ताबा सुटणे, हे निदान १९८० साली अमेरिकन वैद्यकाच्या अधिकृत यादीत आले, आणि इस्पितळांऐवजी वस्त्यांमध्येच उघडलेल्या सल्ला केंद्रांत माजी सैनिकच माजी सैनिकांशी बोलू लागले. घरातली मारझोड आणि व्यसन ज्या वस्तीत कमी होते, तिथे शांततेचे काम झाले असे म्हणण्यास हरकत नसावी, जरी कोणी मोर्चा काढलेला नसला तरी.

या मार्गाची खरी कसोटी युद्ध संपलेलेच नसते तिथे लागते. इस्रायली माजी सैनिक आणि सशस्त्र लढ्यात भाग घेतलेले पॅलेस्टिनी यांनी २००५ मध्ये गुप्तपणे भेटीगाठी सुरू करून ‘कॉम्बॅटंट्स फॉर पीस’ ही संघटना उभारली. सतराव्या वर्षी पकडले जाऊन सात वर्षे इस्रायली तुरुंगात काढलेले बस्साम अरामीन आणि बहीण जेरुसलेममधील आत्मघातकी स्फोटात गमावलेले माजी सैनिक एलिक एल्हानन हे तिच्या संस्थापकांत होते. जानेवारी २००७ मध्ये जेरुसलेमजवळच्या अनाता येथे अरामीन यांची दहा वर्षांची मुलगी अबीर शाळेबाहेर सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने मारली गेली. गोळी झाडणाऱ्यावर फौजदारी खटला चालला नाही, पुढे दिवाणी न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले. दरम्यान इस्रायली माजी सैनिकांनी मोठ्या संख्येने अनात्याला जाऊन त्या शाळेत अबीरच्या नावे बाग आणि खेळाचे मैदान उभे केले. त्यांच्यापैकी अनेकांनी पूर्वी अशाच वस्त्यांत बंदूक घेऊन गस्त घातली होती, आणि म्हणूनच त्यांच्या हातातल्या फावड्याला इतर कोणा स्वयंसेवकाच्या फावड्यापेक्षा वेगळा अर्थ होता.

अर्थात या भागीदारीतली विषमता झाकण्यात शहाणपण नाही. बैठक संपली की इस्रायली सदस्य आपल्या घरी जातो, पॅलेस्टिनी सदस्याला नाक्यावर उभे राहावे लागते, आणि संयुक्त स्मरणसभेला येण्याची परवानगी मिळवण्यासाठीही न्यायालयाचे दार ठोठावावे लागले आहे. दोघांनी आपापली हिंसा कबूल केली म्हणून ती तोलामोलाची ठरत नाही, असा पॅलेस्टिनी टीकाकारांचा आक्षेप आहे आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. तरीही या संघटनेने मिळवलेली एक गोष्ट राळेगणला मिळाली नाही: सदस्याला सदस्याची चूक तोंडावर सांगता येते.

महाराष्ट्रातील माजी सैनिकाच्या वाट्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, कॅन्टीनचे कार्ड, बँकेच्या दारावरची सुरक्षारक्षकाची नोकरी आणि सव्वीस जानेवारीला ध्वजाजवळची मानाची जागा येते. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा समजुतीने भांडणे मिटवणाऱ्या गावसमितीत अशा माणसाच्या शब्दाला वजन येणे स्वाभाविक होते, आणि ते वजन दरडावण्यासाठी वापरायचे की ऐकून घेण्यासाठी, हा प्रश्नही तिथेच उभा राहत होता. चव्हाट्यावरचे भांडण दरडावून गप्प करणे त्याला केव्हाही जमते. कारगिलहून किंवा काश्मीरहून आल्यावर आपली झोप का उडाली, हे त्याच चव्हाट्यावर बसून सांगण्याची सोय गावाने अद्याप केलेली नाही.