खांद्यावरचा वाटाड्या

सांख्य दर्शनात एक आंधळा आहे आणि एक पांगळा. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, एकविसाव्या कारिकेत, त्यांचा ओझरता उल्लेख येतो; त्याची गोष्ट केली ती गौडपादांच्या भाष्याने. रानात तांड्यावर दरोडा पडतो, सोबतचे लोक पांगतात आणि मागे हे दोघे उरतात. एकाला चालता येतं पण दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं पण चालता येत नाही. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट सांगतो, आंधळा चालतो आणि मुक्कामी पोचल्यावर दोघे वेगळे होतात. पांगळा म्हणजे पुरुष, चेतन पण काहीही न करणारा. आंधळा म्हणजे प्रकृती, सगळं करणारी पण अचेतन.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात या दृष्टांताला हरकत घेतली. पांगळा निदान बोलून तरी आंधळ्याला चालवतो. सांख्यांचा पुरुष तर निष्क्रिय, मग तो प्रकृतीला हलवणार कसा? वाट सांगणं हीसुद्धा एक कृतीच आहे, असा त्या आक्षेपाचा रोख. वाद मोठ्या ताकदीने झाला, पण सगळा खांद्यावर बसलेल्याबद्दल. खाली चालणाऱ्याची बाजू कुणी घेतली नाही. त्याला कुठे जायचं होतं, ते रान त्याच्या कानांना आणि तळपायांना काय सांगत होतं, हे विचारायची गरज कुणाला भासली नाही. त्या दृष्टांतात आंधळा म्हणजे नुसते पाय.

तत्त्वज्ञांना प्रकृती-पुरुषाचा संबंध सांगायचा होता, अंध माणसाचं वर्णन करायचं नव्हतं, हे खरं. पण आज अंध व्यक्तींना वाट दाखवण्यासाठी जी साधनं तयार होतात, त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी नेमकं हेच चित्र बसलेलं दिसतं. पाहायचं यंत्राने, चालायचं माणसाने. खिशातला फोन म्हणतो, डावीकडे वळा, माणूस वळतो. फोन म्हणतो, पोचलात, माणूस थांबतो. अशा वेळी चालतो आहे कोण, हा प्रश्न तंत्रज्ञांनी सोडून दिला तरी तत्त्वज्ञानाला सोडता येणार नाही.

त्याचं सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वांत चांगलं उत्तर पांढऱ्या काठीने दिलं आहे. लांब काठीने चालण्याची आजची पद्धत रिचर्ड हूव्हर यांनी 1944च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी बसवली. काठी शरीराच्या मध्यावर समोर धरायची आणि मनगटातून खांद्यांच्या रुंदीइतकी डावी-उजवीकडे फिरवायची. उजवा पाय पुढे पडत असतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, म्हणजे त्यानंतरचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासून होते. डांबरावर टोकाचा आवाज बोथट येतो, फरशीवर टणक, गटाराच्या लोखंडी झाकणावर पोकळ. उतार, कड, वाळू, चिखल हे सगळं मुठीत समजतं. सरावलेल्या माणसाला मुठीवरचा दाब जाणवतच नाही; जाणवतो तो रस्ता.

या काठीने पाश्चात्त्य विचारवंतांना शतकानुशतकं भुरळ घातली. देकार्तने 1637मध्ये प्रकाशाचं स्वरूप समजावताना अंधाच्या काठीचाच आधार घेतला. मॉरिस मेर्लो-पाँतीने 1945मध्ये लिहिलं, की सवय झाली की काठी ही वस्तू राहत नाही, तिचं टोक हेच स्पर्शाचं ठिकाण होतं. ग्रेगरी बेटसनने पुढे विचारलं, या माणसाचं ‘मी’ कुठे संपतं, मुठीपाशी, काठीच्या मध्यावर की टोकाशी? देहाची हद्द कातडीपाशी संपत नाही, हे काठीवाल्याला पुस्तक न वाचता कळलेलं असतं. काठी आज्ञा देत नाही. ती समोर काय आहे ते सांगते. काय करायचं ते धरणारा ठरवतो.

काठीला मर्यादा आहेच. ती साधारण गुडघ्याच्या खालचं जग सांगते. रस्त्यावर उभ्या ट्रकचा उघडा फाळका, भिंतीबाहेर आलेला एसीचा खोका, अर्धवट ओढलेलं शटर, खाली वाकलेली फांदी तिच्या टोकाला लागत नाही, ती थेट कपाळाला लागते. आयआयटी दिल्लीतल्या प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या गटाने सक्षम ट्रस्टच्या अंध सहकाऱ्यांसोबत तयार केलेली आणि 2014मध्ये बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ याच अडचणीवर आहे. नेहमीच्या काठीच्या मुठीवर एक उपकरण बसतं. त्यातून श्राव्यातीत ध्वनिलहरी पुढे जातात आणि तीन मीटरपर्यंतच्या अडथळ्यावरून परत येतात. अडथळा जवळ येईल तशी मुठीतली थरथर बदलते. ‘उजवीकडे सरका’ असं ती सांगत नाही. काठीचाच स्वभाव तिने राखला, फक्त पोच गुडघ्यापासून डोक्यापर्यंत नेली. वापरणारे आरंभापासून बरोबर असले की यंत्राला अशी समज येते.

रेजिनाल्ड गॉलेज यांची गोष्टही अशीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रात ते भूगोलाचे प्राध्यापक. माणसं आपल्या गावाचा नकाशा मनात कसा बांधतात, हा त्यांचा अभ्यासविषय. आणि 1980च्या दशकाच्या मध्यावर त्यांची स्वतःचीच दृष्टी गेली. मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उपग्रहाच्या मदतीने वाट दाखवणारं यंत्र बनवलं. पाठीवरच्या पिशवीत संगणक, कानावर हेडफोन. त्यांची सूचना देण्याची रीत पाहण्यासारखी होती. इमारत उजव्या हाताला असेल तर तिचं नाव उजवीकडून, तिच्याच दिशेने आल्यासारखं ऐकू यायचं. जणू जागाच हाक मारत होती. मनातला नकाशा माणसाचा माणसाकडेच राहत होता, यंत्र त्यात भर घालत होतं.

मायक्रोसॉफ्टने 2018मध्ये आणलेलं ‘साउंडस्केप’ हे अॅप याच वाटेचं. वळणावळणाला हुकूम सोडण्याऐवजी ते मुक्कामाच्या दिशेने एक आवाज वाजत ठेवायचं. डोकं वळवलं तरी आवाज त्याच दिशेला राहायचा. कोणत्या गल्लीने जायचं, मध्ये कुठे चहाला थांबायचं, हे चालणाऱ्याच्या हातात. 2023मध्ये कंपनीने हे काम थांबवलं आणि त्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली केली. स्वयंसेवकांनी ती उचलली म्हणून ही कल्पना आज जिवंत आहे. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी 1998मध्ये मांडलं होतं, की आपण सतत ज्यावर विसंबतो ती बाहेरची साधनंही मनाचाच भाग असतात. हे खरं मानलं तर साधन बंद करणं हा निव्वळ व्यवहार राहत नाही. काठी मोडली तर दुसरी आणता येते. दूरच्या कार्यालयात झालेल्या निर्णयाने कुणाच्या मनाचा तुकडा निघून जावा, याला नीतिशास्त्राने अजून पुरेसं उत्तर शोधलेलं नाही, आणि ते शोधणं निकडीचं आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक क्षणी स्वतः ठरवत राहणं थकवणारं असतं. अनोळखी स्थानकात, गर्दीच्या वेळी, फलाटाच्या कडेला, कुणीतरी हात द्यावा आणि सरळ बाहेर न्यावं असं वाटण्यात कमीपणा नाही. चिएको असाकावा चौदाव्या वर्षी पूर्ण अंध झाल्या, पुढे आयबीएममध्ये संशोधक झाल्या आणि 2021पासून टोकियोच्या मिराइकान विज्ञान संग्रहालयाच्या प्रमुख आहेत. त्यांच्या पुढाकाराने तयार झालेली ‘एआय सूटकेस’ म्हणजे चाकांची बॅग. मूठ धरायची आणि ती नेईल तसं तिच्यामागे जायचं. स्वतः अंध असलेल्या शास्त्रज्ञाने मागे चालण्याचं यंत्र हवंसं मानलं, ही गोष्ट साधी नाही. विसावा हवा असणं हीही स्वातंत्र्याचीच गोष्ट. फक्त वाट कधी स्वाधीन करायची आणि कधी परत घ्यायची, हे मूठ धरणाऱ्याने ठरवायला हवं.

यात मार्गदर्शक कुत्र्यांकडून शिकण्यासारखं आहे. कुठे जायचं ते माणूस सांगतो. पण समोरून गाडी येत असेल तर ‘पुढे चल’ म्हटलं तरी कुत्रा हलत नाही. हे नाकारणं त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. तो मालकाची आज्ञा मोडतो, पण मुक्काम बदलत नाही. गुरू आणि शिष्य, वैद्य आणि रोगी, आई आणि वाढतं मूल यांच्यातही मर्यादेची रेषा इथेच कुठेतरी असावी.

आता कॅमेऱ्यातून पाहून वर्णन करणारी साधनं आली आहेत, आणि त्यांच्याबरोबर महाभारतातला एक प्रसंग नव्याने समोर येतो. युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. तो नाकारतो, स्वकीयांचा संहार त्याला पाहायचा नाही, पण सगळं ऐकायचं आहे. मग दिव्यदृष्टी संजयाला मिळते. धृतराष्ट्राच्या अंधत्वाला मोहाचं प्रतीक करून टाकण्याची सवय कीर्तनापासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळीकडे आहे आणि ती अन्यायाची आहे. मोह त्याच्या मनात होता, डोळ्यांत नव्हता. डोळस दुर्योधनाला त्याहून कमी मोह नव्हता. या प्रसंगात पाहण्याजोगी आहे ती संजयाची वागणूक. तो राजाला बरं वाटेल असं सांगत नाही. दिसलं ते सांगतो आणि या नाशात राजाचा दोष कुठे आहे, तेही तोंडावर बोलतो.

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानलं, पण अटीवर. बोलणारा आप्त हवा. वात्स्यायनांच्या भाष्यात आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा माणूस. डेन्मार्कमध्ये 2015मध्ये सुरू झालेल्या ‘बी माय आइज’वर व्हिडिओ कॉलच्या दुसऱ्या टोकाला डोळस स्वयंसेवक असतो, त्याच्या बाबतीत ही अट लावून पाहता येते. 2023पासून याच अॅपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ताही छायाचित्राचं वर्णन करते. औषधाच्या बाटलीवरचं नाव, हॉटेलातलं मेनूकार्ड, शर्टाचा रंग ती झटकन सांगते, आणि ज्यांना यासाठी दरवेळी शेजाऱ्याला हाक मारावी लागत होती त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे. पण ती चुकते तेव्हाही त्याच ठाम सुरात चुकते. तिने वस्तू ‘जाणली’ असं म्हणता येत नाही, आणि खरं सांगण्याची इच्छा हा तर तिच्यापाशी प्रश्नच नाही. म्हणून रस्ता ओलांडताना तिच्यावर विसंबू नका, काठी किंवा कुत्रा सोडू नका, असा इशारा बनवणाऱ्यांनीच दिला आहे. आप्त नसलेल्याचा शब्द ऐकावा, पण आणखी एका प्रमाणाने तपासून घ्यावा. आणि रस्त्यावर ते दुसरं प्रमाण बहुतेक वेळा काठीचं टोकच असतं.

यंत्रांची ही सगळी चर्चा एका जुन्या समजुतीपाशी येऊन अडते. अंधत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ आणि अंधाला मदत हे या जन्मीचं पुण्य, ही ती समजूत. चौकात उभ्या असलेल्या अंध माणसाचं मनगट धरून, त्याला पलीकडे जायचं आहे की नाही हेही न विचारता, लोक त्याला रस्ता पार करवतात. हेतू चांगला असतो. पण तिथेही खांद्यावरचा पांगळाच बोलत असतो आणि खालचा माणूस पुन्हा नुसते पाय ठरतो. ज्या सेवेत समोरच्याच्या इच्छेला जागा नाही, तिला सेवा म्हणणं धर्माच्याही दृष्टीने कठीण आहे.

अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत, दुसऱ्यांना सांगून लिहून घेत त्यांनी जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात मोठी ग्रंथसंपदा निर्माण केली आणि मधुराद्वैत हे आपलं दर्शन मांडलं. डोळे वाचकांचे होते, लेखणी लेखनिकाची होती. विचार कुणाचा, याबद्दल कुणाच्या मनात कधी शंका आली नाही. आधार घेणं आणि स्वाधीन असणं यांत विरोध नसतो, याचा याहून जवळचा पुरावा मराठी माणसाला शोधावा लागणार नाही.

आणि चांगल्या आधाराला दरवेळी बॅटरी लागतेच असं नाही. सेइची मियाके यांनी कल्पिलेल्या उठावाच्या फरश्या 1967मध्ये जपानच्या ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी बदलतं आहे. त्या आज पुण्या-मुंबईच्या पदपथांवर आणि मेट्रो स्थानकांत पिवळ्या रंगात दिसतात. मुंबईच्या लोकल स्थानकांत दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे वाजणारा बीपही त्याच जातीचा. आवाज जागा सांगतो, चढायचं की नाही ते माणूस ठरवतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागांची सुगमता ही दयेची नव्हे, हक्काची बाब केली आहे.

पदपथावरची ती पिवळी पट्टी पुष्कळदा दुचाकीखाली, टपरीच्या फळीखाली किंवा विजेच्या डीपीपाशी जाऊन संपते. आपली गाडी तिच्यावर उभी असेल तर ती आजच काढावी. आणि चौकात पांढरी काठी दिसली तर हात धरण्याआधी विचारावं: ‘कुठे जायचंय? मदत हवी आहे का?’ हो म्हटलं तर आपलं कोपर पुढे करावं, म्हणजे धरायचं की सोडायचं हे त्यांच्या हातात राहील. नाही म्हटलं तर बाजूला व्हावं.