टँकर येण्याआधीचा धर्म

२०२४च्या मार्चमध्ये बंगळुरात पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५००० रुपये दंड जाहीर झाला. बोअरवेल आटल्या होत्या आणि सोसायट्या टँकरची वाट पाहत होत्या. शहर सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, जवळ बारमाही नदी नाही, कावेरीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून चढवावे लागते, हे सगळे त्याआधीही ठाऊक होते. तेव्हा उणीव माहितीची नव्हती. ठाऊक असलेले कर्तव्य माणूस गळ्याशी येईपर्यंत का टाळतो, हा प्रश्न मला व्यवस्थापनापेक्षा धर्माचा वाटतो.

तहानलेला माणूस हाक मारतो. तळ्यात साचणारा गाळ हाक मारत नाही. म्हणून आधी काय करायचे हे दरवर्षी नव्याने ठरवायला बसलो, तर गाळ दरवर्षी मागे पडणार. त्यातही गाळ काढता येतो तो तळे आटल्यावर, म्हणजे टंचाई सर्वांत तीव्र असते तेव्हाच. परंपरेने हा पेच माणसाच्या लहरीवर सोडला नाही. यज्ञयागाच्या ‘इष्टा’शेजारी तिने विहिरी, तळी, झाडे यांचे ‘पूर्त’ बसवले आणि त्याला पुण्यकर्म ठरवले. शहाजीराजांना जहागीर मिळालेले बंगळूर जगत होते ते अशाच तळ्यांवर. वरचे भरले की सांडवा खालच्यात जाई. पुढे धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम. बसस्थानक आणि मैदान या दोन्ही गरजा खऱ्या होत्या, आणि म्हणूनच हा इतिहास अस्वस्थ करतो. तळी दुष्टपणाने गेली असे नाही. समोर दिसणाऱ्या गरजेने न दिसणारीला प्रत्येक वेळी हरवले.

आज तहानलेल्याचा हक्क पहिला, असे कोणी म्हणेल. मान्यच आहे, टँकर आलाच पाहिजे. पण आणीबाणीची किंमत सारखी वाटली जात नाही. विकतचे पाणी ज्याला परवडते त्याची गैरसोय होते. ज्याला परवडत नाही त्याची मजुरी घागरीपाशी बुडते. आपली दिरंगाई दुसऱ्याच्या डोक्यावर बसते, म्हणून तिला निव्वळ आळस म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तळे राखण्याचे कष्ट अनेक गावांत दलितांवर पडले आणि पाण्याचा हक्क मात्र त्यांना नाकारला गेला. महाडच्या चवदार तळ्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. तेव्हा जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणणे हा धर्म नव्हे. तिच्यातून घ्यायचा तो एवढाच नेम, की काम गरजेची वाट पाहत नाही. आता तो नेम सर्वांनी वाहायचा.

उद्याची चिंता म्हणजे श्रद्धेची उणीव, असेही भाविक मन म्हणते. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, कर्म सोडायला नाही. आणि ज्याचे पाणी पुढची पिढी पिणार, त्या तळ्याचा गाळ काढणाऱ्याच्या हाती फळ असते तरी कुठे?