शालेय संगीत नाटक : निवडीचा नैतिक प्रश्न

१

माध्यमिक शाळेने कोणते संगीत नाटक बसवावे, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत सहसा येत नाही. तो स्नेहसंमेलनाच्या व्यवस्थेचा भाग मानला जातो. मुलांना पेलतील अशी पदे, हाताशी असलेले पेटीवादक आणि तबलजी, पालकांना न दुखावणारे कथानक आणि दोन-अडीच तासांत आटोपणारा प्रयोग एवढे जमले की निवड झाली असे समजतात. नैतिकतेचा विचार झालाच तर तो संदेशापुरता होतो. व्यसनमुक्तीसाठी 'एकच प्याला', बालविवाहाविरुद्ध 'शारदा', निखळ रंजनासाठी 'सौभद्र' अशी वाटणी मग आपोआप होते. या वाटणीमागे एक गृहीतक आहे. नाटकाचा नैतिक आशय त्याच्या तात्पर्यात असतो आणि प्रेक्षक तो घरी घेऊन जातो, असे ते गृहीतक. प्रस्तुत निबंधात त्याची तपासणी करावयाची आहे. शालेय प्रयोगाचा प्रेक्षक एक संध्याकाळ बसतो. नट मात्र दोन-तीन महिने त्या नाटकात वावरत असतो आणि तो तेरा ते पंधरा वर्षांचा असतो. म्हणून निवडीचा प्रश्न प्रेक्षकाच्या बाजूने नव्हे, तर नटाच्या बाजूने मांडला पाहिजे.

२

अनुकरण करणाऱ्याचे काय होते, याविषयी दोन परस्परविरोधी भूमिका आपल्याला उपलब्ध आहेत. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या पुस्तकात असा युक्तिवाद केला आहे की, लहानपणापासून केलेले अनुकरण देहात, वाणीत आणि विचारात मुरते व त्याचा स्वभाव बनतो. म्हणूनच राज्याच्या भावी रक्षकांनी कोणाची सोंगे घ्यावीत यावर तो निर्बंध घालतो. त्याच ओघात तो संगीतातील स्वररचनांचीही निवड करतो आणि विलापाला व शैथिल्याला पोषक असलेल्या रचना वर्ज्य ठरवतो. अभिनय आणि गायन यांचा एकत्रित विचार करणारा हा बहुधा पहिला शिक्षणविचार होय.

याउलट 'अभिनवभारती'त अभिनवगुप्ताने रसाचे अधिष्ठान नटात मानलेले नाही. नट हे आस्वादाचे साधन. म्हणून त्याला 'पात्र' म्हणतात. भांड्यातील मद्याची चव भांड्याला कळत नाही. या भूमिकेनुसार नट भूमिकेपासून मुक्त राहतो आणि निवडीची नैतिक जबाबदारी सहृदयाच्या दिशेने जाते.

व्यावसायिक रंगभूमीपुरते अभिनवगुप्ताचे म्हणणे आपण बव्हंशी मान्य करू. १९१९ साली सिंधूची भूमिका करणारे बालगंधर्व सिंधू होते असे कोणी म्हणणार नाही. पुरुषाने स्त्री साकारण्याचा संकेत, कसलेली गायकी आणि प्रयोगागणिक येणारे भान यांमुळे नट आणि भूमिका यांत पुरेसे अंतर होते. शाळेत हे अंतर उरत नाही. देवलांच्या काळी शारदेची भूमिका मुलगे करीत. आज ती शारदेच्याच आसपासच्या वयाची मुलगी करते. पात्राची उपमा पुढे न्यायची तर, शाळेतील पात्र अजून भाजलेले नसते. कच्च्या मडक्यात जे ओतावे ते थोडे तरी मातीत जिरतेच. या मर्यादित क्षेत्रात प्लेटोची भीती खरी आहे. मात्र तिच्यातून निघणारा त्याचा निष्कर्ष, म्हणजे वाईटाचे सोंगच नको हा, आपल्याला स्वीकारता येत नाही; कारण मग नाटकच उरत नाही.

३

'एकच प्याला' घेऊ. तात्पर्याच्या दृष्टीने हे नाटक शाळेला सोयीचे. पण सिंधूची भूमिका करणारी मुलगी तालमीत काय शिकते? ती दारूविषयी फारसे काही शिकत नाही. ती सोसणे शिकते. दळण दळत संसार सावरणे, माहेरची मदत नाकारणे आणि शेवटी मरणाच्या दारात असताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देणे, हा तिच्या भूमिकेचा आलेख आहे. गडकऱ्यांच्या या नाटकासाठी विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचलेल्या पदांपैकी मोठा वाटा सिंधूकडे आहे. म्हणजे नाटकातील सर्वांत मधुर स्वर सोसण्याला लाभले आहेत. प्रेक्षक व्यसनाचा धिक्कार करीत घरी जातो आणि नायिका झालेली मुलगी पातिव्रत्याचे सौंदर्य कंठात घेऊन जाते. एकाच प्रयोगातून दोन वेगळे धडे निघतात आणि निवड करणाऱ्याने त्यांपैकी एकच पाहिलेला असतो.

येथे गाण्याचे कार्य निर्णायक आहे. गद्य संवाद पाठ करताना त्याच्याशी वाद घालता येतो. तालमीत मूल विचारते, ती असे का म्हणते? पद मात्र श्वास, ताल आणि सूर यांच्या शिस्तीने बसवावे लागते. सम गाठायची असताना आशयाशी भांडायला उसंत नसते. गाणे विचाराच्या आधी संमती मिळवते. संगीत नाटकाची निवड गद्य नाटकाच्या निवडीहून नैतिक दृष्ट्या अवघड आहे ती यामुळे.

१८९९ च्या 'शारदे'त प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. शारदेची पदे भीतीची आणि विनवणीची आहेत. तिच्या नकाराला स्वर आहे. परंतु कथानकात त्या नकाराला सामर्थ्य नाही. भुजंगनाथाशी ठरलेले लग्न मोडते ते वर जख्ख म्हातारा आहे म्हणून नव्हे, वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून. पुढे कोदंडाशी तिचा विवाह मार्गी लागतो तोही शंकराचार्यांच्या निर्णयाने. ज्या शास्त्राच्या आश्रयाने कांचनभट मुलगी विकायला निघतो, त्याच शास्त्राच्या कलमाने ती सुटते. मुलीला कोणी विचारले नव्हते; सुटकेच्या वेळीही कोणी विचारत नाही. १८८२ च्या 'सौभद्रा'चीही गत फार निराळी नाही. सुभद्रेला दुर्योधन नको आहे, पण तिचा नकार फलद्रूप होतो तो कृष्णाच्या कारस्थानामुळे. निखळ रंजनाच्या नाटकातही मुलीची इच्छा दुसऱ्याच्या चातुर्यावर अवलंबून असते.

४

शाळेसाठी संगीत नाटक लिहिताना हाच पेच समोर आल्याचे एक उदाहरण विसाव्या शतकात आहे. बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा 'देर यासागर' (हो म्हणणारा) हा शालेय ऑपेरा १९३० साली बर्लिनमध्ये सादर झाला. त्याचा आधार जपानी नो नाटक 'तानिको' हा होता. आर्थर वेलीच्या इंग्रजी अनुवादावरून एलिझाबेथ हाउप्टमानने त्याचे जर्मन भाषांतर केले होते. आजारी आईसाठी औषध आणायला एक मुलगा शिक्षकाबरोबर डोंगरापलीकडे निघतो आणि वाटेत स्वतःच आजारी पडतो. रूढी अशी की, अशा आजाऱ्याला विचारायचे, त्याने संमती द्यायची आणि मग त्याला दरीत लोटायचे. मुलगा हो म्हणतो.

बर्लिनच्या नॉयकोल्न भागातील कार्ल मार्क्स शाळेतील विद्यार्थ्यांनी या होकारावर आक्षेप घेतले. ब्रेख्तने ते गंभीरपणे घेतले, संहिता बदलली आणि तिच्या जोडीला 'देर नाइनसागर' (नाही म्हणणारा) लिहिले. त्यात मुलगा रूढी नाकारतो आणि प्रत्येक नव्या परिस्थितीत नव्याने विचार करण्याची नवी रूढी सुचवतो. दोन्ही नाटके शक्यतो एकत्र करावीत असे ब्रेख्तने सांगितले. नाटक निवडणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी ज्यांना गृहीत धरले होते, त्या मुलांनीच येथे नाटकाची नैतिक बाजू पुरी केली.

या प्रकरणात आणखी एक तपशील आहे. होकाराला वाइलचे संगीत लाभले. नकाराच्या नाटकाला त्याने संगीत दिले नाही. कारणे काहीही असोत, परिणाम विचार करायला लावणारा आहे. गायनाची सारी शक्ती संमतीच्या बाजूला राहिली आणि नकार गद्यातच राहिला. म्हणून शालेय संगीत नाटक निवडताना विचारावयाचा पहिला प्रश्न असा : या नाटकात नकाराला गाणे आहे काय? आणि दुसरा : त्या नकाराने काही घडते काय?

५

या कसोटीवर एक साहजिक आक्षेप येतो. मुलांच्या आनंदाच्या गोष्टीवर एवढे ओझे कशाला? पण मुले मन लावून गातात म्हणूनच हा प्रश्न आहे. ज्यात आनंद नाही ते मुरतही नाही.

दुसरा आक्षेप असा की, अडचणीचा भाग गाळावा. अमेरिकेत हायस्कूलच्या संगीतिकांची मोठी परंपरा आहे. तेथे परवाना देणाऱ्या संस्था 'ले मिझराब्ल'सारख्या नाटकाची खास शालेय आवृत्ती काढतात आणि परवानगीवाचून संहितेत फेरफार करता येत नाही. निवडीचा काही भार असा संस्थेवर पडतो. देवल १९१६ साली आणि गडकरी १९१९ साली गेले. त्यांच्या संहितांवर आता स्वामित्वहक्क नाही. कात्री शाळेच्याच हातात आहे आणि जबाबदारीही. 'शारदे'तील सगोत्राचा प्रसंग गाळून तिला ठणकावून नकार द्यायला लावला, तर आजच्या मुलीला दिलासा मिळेल; पण १८९९ साली सुधारणेची झेप कुठे अडली होती, हे तिच्यापासून लपून राहील. हा प्रश्न इतिहासजमाही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातल्या सुमारे पाचांपैकी एका स्त्रीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. नायिकेची भूमिका करणाऱ्या मुलीच्या वर्गातही ही शक्यता बसलेली असू शकते.

निवड नाटकाच्या नावापाशी थांबत नाही, भूमिकांच्या वाटपातही ती चालूच असते. ज्यांचे उच्चार प्रमाण मानले जातात त्यांना नायक-नायिका, ज्यांची बोली वेगळी त्यांना नोकर आणि विनोदी पात्रे. हे वाटप सवयीने होते. मूल तेही शिकते, आणि ते शिकवायला तात्पर्य लागत नाही.

तेव्हा शाळेने 'शारदा' करावी, संपूर्ण करावी आणि तालमीत मुलांना एक अधिकार द्यावा. शारदेच्या जागी तू काय म्हणाली असतीस, हे त्यांना लिहू द्यावे. ते गद्यात असेल, कदाचित बेडौल असेल; प्रयोगानंतर रंगमंचावरून ते वाचले जावे. चाल लावणारा कोणी भेटला तर ते गावे. ज्यांच्या वतीने आपण निवड करतो त्यांना आपली निवड नाकारण्याची जागा त्या निवडीतच ठेवणे, एवढे शिक्षकाला करता येते. जे नाटक अशी जागा ठेवू देत नाही ते कितीही सुरेल असले तरी शाळेने बाजूला ठेवावे.